यंत्रपक्ष्याचे गीत आणि कारागिराचे डोळे

किल्ली फिरविताच डबीचे झाकण उघडते, आतून अंगठ्याच्या पेराएवढा पक्षी वर येतो, मान वळवितो, चोच उघडतो, पंख आणि शेपूट हलवितो व खऱ्या पाखरासारखा गाऊ लागतो. पंधरा-वीस सेकंदांनी गाणे संपते, पक्षी क्षणार्धात आडवा होऊन आत जातो आणि झाकण मिटते. सोन्याच्या, चांदीच्या किंवा मीनाकाम केलेल्या डबीत बसविलेले असे गाणारे यंत्रपक्षी युरोपातील स्वित्झर्लंड व फ्रान्स या देशांत अठराव्या शतकाच्या अखेरीपासून तयार होत आले आहेत. राजे, सुलतान आणि धनाढ्य व्यापारी हेच त्यांचे प्रारंभीचे ग्राहक होते.

धनिकांच्या या खेळण्याशी बौद्ध विद्येच्या अभ्यासकाचा संबंध काय, असा प्रश्न सुज्ञ वाचकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर पाली वाङ्मयातच आहे. यंत्र, यंत्र घडविणारा कारागीर आणि त्याची विद्या आपल्याच ताब्यात राहावी असे इच्छिणारा सत्ताधीश यांच्या कथा अट्ठकथांत व उत्तरकालीन पाली ग्रंथांत आल्या आहेत. त्या कथा डोळ्यांपुढे ठेवून यंत्रपक्ष्याचा इतिहास वाचला असता या कलेच्या उत्कर्षाचे आणि लोपाचे कारण स्पष्ट होते. प्रस्तुत लेखात आम्ही प्रथम त्या कथा, नंतर भारतातील व पश्चिमेतील यंत्रपक्ष्यांची परंपरा, त्यांची रचना आणि शेवटी त्यांतून निघणारा बोध असा क्रम ठेवला आहे.

बोधिराजकुमाराचा प्रासाद

मज्झिम निकायातील ८५ वे सुत्त बोधिराजकुमार सुत्त होय. वत्सदेशाचा राजा उदेन याचा पुत्र बोधी याने भग्ग देशातील सुंसुमारगिरी येथे कोकनद नावाचा प्रासाद बांधला. त्यात कोणी वास करण्यापूर्वी त्याने तथागतांना भोजनाचे निमंत्रण दिले, हा प्रसंग सुत्तात आहे. हा प्रासाद ज्याने बांधला त्या कारागिराविषयी सुत्तात काही सांगितलेले नाही. त्याची कथा धम्मपदाच्या अत्तवग्गातील १५७ व्या गाथेवरील अट्ठकथेत आली आहे.

प्रासाद पाहून राजकुमार प्रसन्न झाला. त्याने कारागिराला विचारले की, असा प्रासाद तू यापूर्वी दुसऱ्या कोणासाठी बांधला आहेस काय? कारागिराने नाही म्हणून सांगितले. त्यावर राजकुमाराच्या मनात विचार आला की, हा मनुष्य जिवंत राहिला तर दुसऱ्या कोणासाठी असाच प्रासाद बांधील. तेव्हा याला ठार मारावे, याचे हातपाय तोडावेत किंवा याचे डोळे काढावेत. हा बेत त्याने संजिकापुत्त या आपल्या मित्राला सांगितला. संजिकापुत्ताला वाटले की, निरपराध शिल्पकाराचा असा घात होऊ देणे योग्य नाही. त्याने कारागिराला गुप्तपणे सावध केले.

पुढे राजकुमाराने विचारले, ‘काम संपले का?’ कारागीर म्हणाला, ‘अजून पुष्कळ काम राहिले आहे. मला हलके, सुके, गाभा नसलेले लाकूड हवे. मी काम करीत असता कोणी माझ्याजवळ येऊ नये.’ लाकूड मिळाले. त्याने घरातील चीजवस्तू विकून टाकण्यास पत्नीला सांगितले आणि आतल्या खोलीत बसून लाकडाचा एक मोठा गरुड पक्षी तयार केला. नंतर पत्नीला व मुलांना त्याच्या पोटात बसवून तो खिडकीतून उडून गेला. हिमालयाच्या प्रदेशात उतरून त्याने नगर वसविले आणि तेथे तो कट्ठवाहन, म्हणजे लाकडी वाहनाचा राजा, या नावाने प्रसिद्ध झाला.

ही कथा घडलेला इतिहास नव्हे, हे सांगणे आवश्यक आहे. लाकडी गरुड माणसांना घेऊन उडाला असे मानण्याचे कारण नाही, आणि तिच्या आधारे प्राचीन भारतात विमाने होती असा दावा करणे हे बुद्धिवादाशी विसंगत ठरेल. परंतु कथेतील सामाजिक भाग कल्पित वाटत नाही. सत्ताधीशाला कारागिराची कृती हवी असते. कारागिराचे स्वातंत्र्य मात्र त्याला सहन होत नाही. राजकुमाराचे लक्ष प्रथम कारागिराच्या हातांकडे व डोळ्यांकडे जाते, कारण विद्या तेथेच वसत असते हे त्याला ठाऊक आहे. अट्ठकथाकाराची सहानुभूती कोणाकडे आहे हेही लपून राहत नाही. कथेच्या शेवटी राजमुकुट कारागिराच्या मस्तकावर आहे.

रोमविषयातील यंत्रकार

दुसरी कथा लोकपञ्ञत्ति या पाली ग्रंथातील आहे. हा ग्रंथ ब्रह्मदेशातील असून त्याचा काळ अकराव्या-बाराव्या शतकाच्या सुमाराचा मानला जातो. अजातशत्रूने तथागतांच्या अस्थिधातूंचे रक्षण करण्यासाठी भूमिगत धातुगृहात तलवारी फिरविणाऱ्या लाकडी आकृतींचे यंत्र बसविले होते, अशी परंपरा दीघ निकायाच्या अट्ठकथेत आहे. तेथे त्या यंत्राचा कर्ता विस्सकम्म हा देव आहे. लोकपञ्ञत्ति मात्र त्याचे श्रेय एका मनुष्याला देते.

या कथेनुसार रोमविषय नावाच्या देशात यंत्रकार राहत. त्यांची यंत्रे शेतीची व रक्षणाची कामे करीत. आपली विद्या देशाबाहेर जाऊ नये म्हणून त्यांनी कडेकोट व्यवस्था केली होती. कोणी यंत्रकार देश सोडून जाऊ लागला तर यंत्रच त्याचा पाठलाग करून त्याचा शिरच्छेद करी. पाटलिपुत्रातील एका तरुणाला ती विद्या हवी होती. मृत्यूनंतर त्याचा जन्म रोमविषयात झाला, यंत्रकारांच्या प्रमुखाच्या कन्येशी त्याचा विवाह झाला आणि त्याने विद्या संपादन केली. आपण जिवंत परतणार नाही हे तो जाणून होता. म्हणून त्याने यंत्राचा आराखडा लिहून आपल्या मांडीत शिवून घेतला आणि पुत्राला सांगितले की, माझा देह पाटलिपुत्रास ने. वाटेत यंत्राने त्याला मारले. पुत्राने तो आराखडा काढून घेतला आणि पुढे अजातशत्रूसाठी धातुगृहाचे रक्षक घडविले. कालांतराने सम्राट अशोकाने ते रक्षक निष्प्रभ करून धातू बाहेर काढले, अशी कथा आहे.

येथेही पुनर्जन्माचा धागा कथेच्या सोयीसाठी आला आहे असेच आम्ही समजतो. लक्षात घेण्याची गोष्ट ही की, दोन्ही कथांत संघर्ष एकच आहे. यंत्राची विद्या कुलूपबंद ठेवणारे एका बाजूला आहेत आणि ती विद्या जीव धोक्यात घालून बाहेर नेणारे दुसऱ्या बाजूला.

राजा भोज आणि लपविलेली कृती

आता कथेकडून शास्त्रग्रंथाकडे वळू. नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, म्हणजे नागपूरकर ज्याला अजब बंगला म्हणतात त्या वास्तूत, माळव्याच्या परमार राजांची प्रशस्ती कोरलेली एक शिला आहे. नरवर्मा या राजाच्या काळचा हा लेख विक्रम संवत ११६१, म्हणजे इ. स. ११०४-०५ मधील असून भोजाच्या मृत्यूनंतर राज्यावर आलेले संकट व उदयादित्याने केलेला राज्याचा उद्धार यांचे वर्णन त्यात आहे. परमारांची सत्ता विदर्भापर्यंत पोहोचली होती याची साक्ष यवतमाळ जिल्ह्यातील डोंगरगाव येथील जगद्देवाचा शके १०३४ चा लेखही देतो.

या वंशातील भोज राजा अकराव्या शतकाच्या पूर्वार्धात धार येथे राज्य करीत होता. समरांगणसूत्रधार हा वास्तुविद्येवरील ग्रंथ त्याच्या नावावर आहे. त्यातील ३१ वा अध्याय यंत्रविधानाचा आहे. तालावर नाचणारे व गाणारे यंत्रपक्षी, पाणी पिणारा यांत्रिक हत्ती, दिव्यात तेल घालीत फिरणारी बाहुली, दारावर पहारा करणाऱ्या लाकडी आकृती अशा अनेक यंत्रांचा निर्देश त्यात येतो. पारा भरलेले पात्र पोटात ठेवून उडणाऱ्या लाकडी पक्ष्याचेही वर्णन आहे. तापलेल्या पाऱ्याने असा पक्षी उडू शकणार नाही, हे आजचे पदार्थविज्ञान जाणणारा कोणीही सांगेल. गाणाऱ्या-नाचणाऱ्या पक्ष्यांची गोष्ट निराळी आहे. पाण्याच्या वा हवेच्या दाबाने आवाज काढणारी खेळणी ही शक्य कोटीतील वस्तू होती.

याच अध्यायात यंत्राचे गुण सांगितले आहेत. भाग एकमेकांत नीट बसलेले असावेत, यंत्र गुळगुळीत चालावे, ते दीर्घकाळ टिकावे, तालाला धरून चालावे, त्याचा आवाज होऊ नये, आणि जेथे आवाज हेच प्रयोजन असेल तेथे तो भरपूर व्हावा, अशी ही अपेक्षा आहे. यंत्र चालण्याचा खडखडाट नसावा आणि गाणे मात्र स्पष्ट ऐकू यावे, ही गाणाऱ्या पक्ष्याच्या कारागिरीची कसोटी आजही याहून वेगळी नाही. यंत्रकाराच्या अंगी परंपरेने आलेले कौशल्य, गुरूचा उपदेश, शास्त्राचा अभ्यास, कामातील उद्यम आणि बुद्धी हे सारे असावे, असेही ग्रंथ सांगतो.

मात्र यंत्र प्रत्यक्ष जोडावे कसे, हे ग्रंथकार सांगत नाही. त्याचे कारणही त्याने दिले आहे. अज्ञानामुळे नव्हे तर गुप्तता राखण्यासाठी यंत्रांची जोडणी सांगितलेली नाही आणि उघड झालेली यंत्रे फलदायी ठरत नाहीत, असा त्याचा आशय आहे. बोधिराजकुमार डोळे काढू पाहत होता. येथे तशी क्रूरता नाही, पण विद्या चार भिंतींच्या आत ठेवण्याची वृत्ती तीच आहे. परिणाम असा झाला की, भोजाच्या यंत्रपक्ष्यांचे वर्णन आपल्यापर्यंत आले, पण ते वाचून पक्षी बनविता येत नाही. हा ग्रंथही दीर्घकाळ हस्तलिखितांतच राहिला. महामहोपाध्याय टी. गणपति शास्त्री यांनी संपादिलेली त्याची मुद्रित आवृत्ती बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत १९२४ व १९२५ मध्ये दोन भागांत प्रसिद्ध झाली. ज्या सयाजीराव महाराजांच्या राज्यात ही ग्रंथमाला निघाली, त्यांच्याच शिष्यवृत्तीने डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात शिकावयास गेले, हे आमच्या वाचकांना ठाऊक आहेच. विद्येचे दार उघडण्याचे हे दोन भिन्न प्रसंग एकाच राज्याच्या इतिहासात आढळतात.

ज्यांनी लिहून ठेवले

भोजाने जे लपविले ते इतर देशांतील काही यंत्रकारांनी लिहून ठेवले होते. अलेक्झांड्रिया येथील हेरॉन याने इसवी सनाच्या पहिल्या शतकात हवेच्या यंत्रांवर ग्रंथ लिहिला. त्यात गाणाऱ्या पक्ष्यांची रचना दिली आहे. बंद पात्रात पाणी शिरले की आतील हवा बाहेर ढकलली जाते, ती बारीक नळ्यांतून जाताना शीळ वाजते आणि पक्षी गात असल्याचा भास होतो. एका रचनेत घुबड पक्ष्यांकडे वळले की ते गप्प होतात आणि त्याने पाठ फिरविली की पुन्हा गाऊ लागतात.

तैग्रिस नदीच्या वरच्या खोऱ्यातील आमिद, म्हणजे आजचे तुर्कस्तानातील दियारबाकीर, येथे अल्-जझरी हा यंत्रकार अर्तुकी राजांच्या पदरी होता. त्याने १२०६ मध्ये आपला ग्रंथ पूर्ण केला. त्यात ५० यंत्रांची रचना आकृत्यांसह, भागांच्या मापांसह आणि जोडणीच्या क्रमासह दिली आहे. त्यातील प्रसिद्ध हत्तीच्या घड्याळावर एक पक्षी आहे; ठरावीक वेळाने तो गिरक्या घेतो आणि शीळ घालतो. अल्-जझरी हाही राजसेवकच होता. पण त्याने आपले ज्ञान असे लिहिले की दुसऱ्या कारागिराला ते वाचून काम करता यावे. या ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि १९७६ मध्ये लंडन येथील विज्ञान संग्रहालयात त्याच्या मोठ्या जलघटिकेची प्रतिकृती चालू स्थितीत उभी करण्यात आली. लेखकाच्या मृत्यूनंतर साडेसातशेहून अधिक वर्षांनी यंत्र पुन्हा चालले, ही लिहून ठेवलेल्या विद्येची शक्ती होय.

ज्यूरा पर्वतातील पक्षी

डबीत गाणाऱ्या पक्ष्याचा उगम मात्र घड्याळाच्या धंद्यात आहे. स्वित्झर्लंड व फ्रान्स यांच्या सीमेवरील ज्यूरा पर्वतात दीर्घ हिवाळा असतो. बर्फामुळे शेती बंद पडली की तेथील शेतकरी कुटुंबे घरी बसून घड्याळांचे भाग घडवीत. जिनिव्हा शहरात असलेल्या कारागीरसंघांचे कडक निर्बंध या डोंगराळ भागात नव्हते, त्यामुळे नवागताला काम शिकणे तेथे तुलनेने सोपे होते.

ला शो-द-फाँ या गावचा प्येर जाके-द्रो (१७२१-१७९०) हा या कलेतील अग्रगण्य पुरुष. त्याने, त्याचा पुत्र आंरी-लुई याने आणि त्यांचा सहकारी जाँ-फ्रेदेरिक लेशो याने १७६८ ते १७७४ या काळात घडविलेल्या लेखक, चित्रकार व वादिका या तीन यांत्रिक आकृती आजही न्यूशातेल येथील संग्रहालयात आहेत. एकट्या लेखकाच्या आकृतीत सुमारे ६००० भाग आहेत. याच कार्यशाळेत पिंजऱ्यातील आणि डबीतील गाणाऱ्या पक्ष्यांची कला विकसित झाली. पुढे रोशा बंधू, शार्ल ब्रुगिए आणि पॅरिसमधील ब्लेझ बाँतां यांच्या घराण्यांनी ती चालविली.

त्यापूर्वी फ्रान्समध्ये ‘सरीनेत’ नावाची लहान पेटी प्रचलित होती. तिचा दांडा फिरविला की आतील भाता व नळ्या वाजून एक चाल निघे. पिंजऱ्यातील कॅनरी पक्ष्याला तीच चाल पुन्हा पुन्हा ऐकवून गायला शिकवीत. म्हणजे प्रथम यंत्र पक्ष्याचा शिक्षक झाले आणि नंतर स्वतःच पक्षी झाले.

पक्षी गातो कसा

आता त्याची रचना पाहू. किल्लीने घड्याळाप्रमाणे स्प्रिंग गुंडाळली जाते. ती उलगडत असताना दातेरी चाकांची मालिका फिरते. एक चाक लहानशा भात्याला गती देते आणि भाता हवा पुरवितो. ही हवा एका शिट्टीत जाते. प्रारंभीच्या रचनांत प्रत्येक स्वरासाठी वेगळी नळी लागे, त्यामुळे यंत्र मोठे होई. १७८० च्या दशकात जाके-द्रो यांच्या कार्यशाळेत एकाच शिट्टीत सरकणारा दट्ट्या बसविण्याची युक्ती रूढ झाली. दट्ट्या आत गेला की नळीतील हवेचा स्तंभ आखूड होऊन स्वर चढतो, बाहेर आला की स्वर उतरतो. पक्ष्याच्या आवाजातील घसरत जाणारी मींड यामुळे साधता आली आणि यंत्र तंबाखूच्या डबीत मावू लागले.

दट्ट्या केव्हा किती सरकावा, हे उंचसखल काठाच्या पितळी चकत्या ठरवितात. एका अक्षावर अशा अनेक चकत्या एकावर एक बसविलेल्या असतात. प्रत्येक चकतीच्या काठावर एक तरफ टेकलेली असते. काठ उंच आला की तरफ उचलली जाते, खोल गेला की खाली येते. एक चकती दट्ट्या हलविते, दुसरी हवेची झडप उघडझाप करून स्वर तोडते, म्हणून किलबिल ऐकू येते. उरलेल्या चकत्या चोच, पंख, शेपूट आणि मान यांना गती देतात. पक्ष्याचे सारे गाणे म्हणजे या चकत्यांच्या काठावर कानसीने घडविलेले चढउतार होत. कारागीर थोडे घासतो, ऐकतो, पुन्हा घासतो. जास्त घासले गेले तर स्वर परत आणता येत नाही, चकती नव्याने करावी लागते.

भात्यासाठी अत्यंत पातळ, लवचीक आणि हवा न सोडणारे कातडे लागते. ते कडक झाले किंवा त्याला सूक्ष्म भोक पडले तर सोन्याची डबी आणि सहस्र भागांचे यंत्र असूनही पक्षी मुका होतो. जुने पक्षी दुरुस्तीला येतात तेव्हा भात्याचे कातडे बदलणे हे वारंवार करावे लागणारे काम असते. पक्ष्याच्या अंगावर पूर्वी हमिंगबर्ड या चिमुकल्या पाखराची खरी, चकाकणारी पिसे बसवीत. यांत्रिक पक्ष्याला सजविण्यासाठी जिवंत पक्ष्यांचा बळी जात असे, ही या विलासाची दुसरी बाजू अहिंसेचा विचार करणाऱ्याने विसरू नये.

नाव कोणाचे, हात कोणाचा

ज्यूरातील कारागिरांना सर्व न्याय मिळाला असे आम्ही म्हणत नाही. त्यांची कृती चीनच्या दरबारापर्यंत जाई आणि विकणाऱ्याचे नाव मोठे होई. लंडनमधील जेम्स कॉक्स याने १७७३ मध्ये आपल्या प्रदर्शनात मांडलेला चांदीचा यांत्रिक हंस आज इंग्लंडमधील बोझ संग्रहालयात आहे. त्याच्यामागे नाव कॉक्सचे लागले, परंतु त्याचे यंत्र घडविण्याचे श्रेय जॉन जोसेफ मर्लिन या कारागिराकडे जाते. मालकाचे नाव झळकणे आणि हाताचे नाव मागे पडणे हा प्रकार केवळ आपल्याच देशात नाही.

आपल्या देशात मात्र त्यावर जन्माची मोहोर उमटली. भात्याचे कातडे कमाविणारा, लोखंड तापविणारा, लाकूड घडविणारा, पितळ ओतणारा असे निरनिराळे हात एका गाणाऱ्या पक्ष्यात एकत्र यावे लागतात. घड्याळकाराने चर्मकाराच्या मांडीला मांडी लावून बसल्याशिवाय हा पक्षी गाणार नाही. बाबासाहेबांनी १९३६ मध्ये जातिव्यवस्थेची चिकित्सा करताना दाखवून दिले की, जात ही केवळ श्रमांची विभागणी नसून श्रमिकांचीच विभागणी आहे, आणि तीही आवड व योग्यता यांवर नव्हे तर जन्मावर आधारलेली. ज्या व्यवस्थेत कातड्याला हात लावणारा अस्पृश्य ठरतो आणि ग्रंथाला हात लावण्याची त्यालाच बंदी असते, त्या व्यवस्थेत कौशल्य व शास्त्राभ्यास एका माणसाच्या ठायी कसे नांदणार? समरांगणसूत्रधाराने यंत्रकारासाठी सांगितलेली गुणांची यादी उत्तम आहे. समाजाने तिचे दोन तुकडे करून एक हाताला दिला आणि दुसरा पोथीला. राजाने कृती लपविली हे या विद्येच्या लोपाचे एक कारण असेल, पण कारागिराला लिहिण्यापासून तोडले हे त्याहून खोल कारण आहे, असे आमचे मत आहे.

परंपरा टिकते ती कशाने

यांत्रिक पक्ष्यांचा व्यवसाय युरोपातही अनेकदा संकटात आला. ग्रामोफोन आला, मागणी घटली, एकेक कार्यशाळा बंद पडली. स्वित्झर्लंडमधील सेंत-क्र्वा या गावी १८६५ मध्ये स्थापन झालेल्या र्यूज या संस्थेने १९६० मध्ये पॅरिसच्या बाँतां घराण्याचा व्यवसाय घेतला, तेव्हा त्याबरोबर एका जुन्या घराण्याची कारागिरीही पुढे चालू राहू शकली. १९७० नंतर विजेच्या घटावर चालणाऱ्या क्वार्ट्झ घड्याळांनी ज्यूरातील हजारो कारागिरांचे काम हिरावून घेतले. तरीही शाळा, संग्रहालये आणि कारागीर यांनी मिळून ही विद्या शिकविणे चालू ठेवले. स्वित्झर्लंड व फ्रान्स यांनी संयुक्तपणे मांडलेल्या प्रस्तावावरून युनेस्कोने २०२० मध्ये यांत्रिक घड्याळनिर्मिती आणि कलायंत्रांची कारागिरी यांचा समावेश मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला. कलायंत्रांत गाणारे पक्षीही येतात. या नोंदीत गौरव वस्तूचा नसून विद्येचा आणि ती धारण करणाऱ्या माणसांचा आहे, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

आमच्या समाजातील वडीलधाऱ्या मंडळींच्या हाती आजही अनेक विद्या आहेत. कातडे कमाविणे, विणणे, वाद्ये मढविणे, लाकूड व धातू घडविणे या कामांवर लादलेला जन्माचा कलंक झुगारून देणे हे आपले कर्तव्य होते आणि ते आपल्या पिढ्यांनी केले. परंपरेने लादलेला धंदा सोडण्याचा अधिकार हा मुक्तीचाच भाग आहे. त्याचा अर्थ त्या कामातील ज्ञान हीन होते असा मात्र नाही. ज्याला ते काम करावयाचे आहे त्याने ते स्वेच्छेने, सन्मानाने व योग्य मोबदल्यात करावे, आणि ज्याला करावयाचे नाही त्याच्या घरातील ज्ञान निदान लिहून ठेवावे. विहारांतील अभ्यासवर्गांनी आणि महाविद्यालयीन तरुणांनी आपल्या वस्तीतील वृद्ध कारागिरांना भेटून अवजारांची नावे, कृतीचा क्रम, मापे आणि चुका कोठे होतात याची माहिती नोंदवून घेतली तर ते मोठे संशोधन होईल. नोंदीवर त्या कारागिराचे नाव त्याच्या संमतीने अवश्य असावे.

अट्ठकथेतील कारागीर सुटला तो संजिकापुत्ताने वेळेवर निरोप दिला म्हणून. राजकुमाराच्या मित्रमंडळात बसूनही ज्याला कारागिराचे दुःख कळले, अशा त्या माणसाचे काम आज शिकलेल्या प्रत्येकाकडे आले आहे.